चावी आधी माझ्या खिशात

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो, "काटा कुठे होता?" दहापैकी आठ जण उलट मलाच विचारतात, "कुठला काटा?"

इंजिनाचा ताप दाखवणारा काटा. स्टिअरिंगच्या मागे, थेट डोळ्यांसमोर असतो. पेट्रोलच्या काट्याकडे हे लोक दर सिग्नलला बघतात, कारण पेट्रोल संपलं की गाडी थांबते एवढं त्यांना कळतं. तापाच्या काट्याकडे कुणाचं लक्ष नसतं. उरलेल्या दोघांपैकी एक म्हणतो, "वर गेला होता, पण म्हटलं काही होत नाही, घर जवळच आहे." दुसऱ्याची गाडी खरोखरच वेगळ्या कारणाने बंद पडलेली असते. त्या एका शहाण्यासाठी मी हा धंदा करतो असं लिहायला मला आवडलं असतं, पण माझं घर बाकीच्या नऊ जणांवर चालतं.

मी वसईतल्या होळी गावचा. घरामागे वाडी आहे, तिच्यात केळी आणि थोडी भाजी. मुंबईत एका कंपनीच्या वाहन विभागात नोकरी होती. कुठली गाडी किती चालली, किती तेल प्याली, कधी दुरुस्तीला आली याचे आकडे ठेवणं हे माझं काम. कंपनी बंद झाली तेव्हा हातात आकड्यांशिवाय काही कला नव्हती. भाजी बाजारात न्यायला एक वापरलेली पिकअप घेतली. भाजी पोचवून परत येताना बंद पडलेल्या गाड्या दिसायच्या, त्या दोरीने ओढून द्यायचो. हळूहळू भाजी कमी झाली आणि गाड्या वाढल्या. मग मागे लोखंडी दांडा, साखळी आणि हूक बसवला. आता वसई-विरारमध्ये कुठेही गाडी बंद पडली की तिची पुढची चाकं उचलून मागच्या चाकांवर तिला गॅरेजपर्यंत नेणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

लोकांना वाटतं, यात काय आहे? हूक लावला आणि निघालं. हूक लावणं हा कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे स्वतःची गाडी बंद पडू न देणं. टोइंगची गाडी रस्त्यात वाफा सोडत उभी राहिली तर लोक काय हसतात ते मी एका दुसऱ्या गाडीवाल्याच्या बाबतीत बघितलं आहे. मीही हसलो होतो.

ओढण्याच्या कामात पिकअपचे हाल कसे होतात ते सांगतो. नुसतं वजन वाहणं वेगळं. गाडी वेगात असली की समोरची हवा रेडिएटरमधून जाते आणि इंजिन गार राहतं. मी मात्र मागे दीड टनाचं धूड लटकवून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या चालीने जात असतो. म्हणजे कष्ट दुप्पट आणि वारा शून्य. त्यात आपलं हवामान. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी डांबर इतकं तापलेलं असतं की रेडिएटरला मिळते तीच हवा आधी भाजून निघालेली असते. वर समुद्राचा खारा वारा. तो साखळी खातो, हूक खातो, रेडिएटरच्या कागदासारख्या पातळ पात्यांमध्ये बारीक वाळू भरून ठेवतो.

म्हणून माझे काही नियम आहेत. रेडिएटर आठवड्याला धुवायचा, तोही इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या नळाच्या धारेने. सर्व्हिस सेंटरवाल्यांना जोरदार फवारा मारायची हौस असते. त्या फवाऱ्याने पाती आडवी होतात, कचरा आणखी आत जातो आणि गाडी बाहेरून चकचकीत दिसते. गिऱ्हाईक खूश. आत कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं भरायचं. विहिरीचं पाणी एक थेंबही नाही. आमच्या किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ आहेत हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून बायका स्वयंपाकाला वेगळं पाणी आणतात, आणि त्याच घरातला पुरुष तेच पाणी बादलीने रेडिएटरमध्ये ओततो. वर सांगतो, "काही होत नाही, पाणी ते पाणी." डाळीची जेवढी काळजी, तेवढी लाखोंच्या इंजिनाची नाही.

मेकॅनिक लोक तर आणखी थोर. इंजिनात एक छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती पाणी अडवून धरते आणि तापल्यावर सोडते. आमच्याकडे निम्म्या गाड्यांमधली ही झडप काढून फेकून दिलेली असते. नाक्यावरचा एक मेकॅनिक मला म्हणाला, "अंकल, ते थंडीच्या देशांसाठी असतं. इकडे कशाला पाहिजे?" मी म्हटलं, "मग पंखाही काढ. तोही गरम देशात बनलेला नाही." त्याला ते पटलं की काय या भीतीने मी गाडी घेऊन लगेच निघालो. तेव्हापासून माझी पिकअप बस्त्यावशिवाय कुणाच्या हातात देत नाही. बस्त्याव आमच्याच गावचा. बोलतो कमी आणि काढलेली वस्तू परत बसवतो. हे दोन गुण एका मेकॅनिकमध्ये मिळणं कठीण.

गिऱ्हाइकांबद्दल लिहायला बसलो तर अंक पुरणार नाही. एकच सांगतो. मे महिन्यातलं लग्न. चर्चमधून हॉलकडे जाणारी नवरानवरीची गाडी अर्ध्या वाटेत उकळून बंद पडली. मी पोचलो तेव्हा गाडीचं नाक दिसतच नव्हतं. समोरच्या जाळीवर फुलांचं हृदय, त्यावर नेटचा पडदा, त्यावर नावांची पाटी. हवा आत जायला मुंगीएवढी जागा नाही. मी म्हटलं, "हे काढा, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ दे, पाणी बघतो, स्वतःच्या पायाने जाईल तुमची गाडी." नवऱ्याचा मामा सुटाबुटात घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "काढायचं कसं? फोटो अजून व्हायचेत." शेवटी काय ठरलं असेल? फुलांचं हृदय जागेवर ठेवून गाडी ओढून न्यायची. नवरी माझ्या केबिनमध्ये बसली, मांडीवर पांढऱ्या झग्याचा डोंगर घेऊन. वाटेत मला म्हणाली, "अंकल, तुमच्या गाडीत बरं वाटतं, हवा येते." मी म्हटलं, "माझ्या गाडीला नाक आहे, बाय." ती हसली. सगळ्या वरातीत डोकं असलेली तीच एक निघाली.

आता चावीचं सांगतो, कारण ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला तो चावीचा आहे.

माझा नियम आहे, हूक लागला की बंद गाडीची चावी आधी माझ्या खिशात. कारण गाडीमालकाला स्वस्थ बसवत नाही. मी साखळी आवळत असतो आणि हा आत बसून "जरा बघतो" म्हणत चावी फिरवतो. तापून बंद पडलेलं इंजिन तसं फिरवलं की आतला पत्रा, पॅकिंग, जे काही तोवर शाबूत असेल ते सगळं जातं. दोन हजारांचं काम पन्नास हजारांचं होतं आणि नंतर हाच माणूस सगळीकडे सांगतो की टोइंगवाल्याने गाडी बिघडवली. म्हणून चावी माझ्याकडे. बहुतेक जण कुरकुरत देतात. गॅरेजला पोचलो की मी परत करतो. आजवर एकाच माणसाने ती त्याआधी परत मागितली आणि मी दिली नाही.

त्याचं नाव नितीन. मूळचा संगमेश्वरकडचा, राहायला नालासोपाऱ्यात, बायको, दोन मुली. टुरिस्ट टॅक्सी चालवायचा. गाडी स्वतःची, घर तिच्यावरच. मे महिन्यातला रविवार. मुंबईचं एक कुटुंब घेऊन तो राजोडीला आला होता. किनाऱ्यावर गाडी नेऊ नये अशी पाटी तिथे आहे, ठळक अक्षरांत आहे. पण त्या कुटुंबप्रमुखाला गाडी, समुद्र आणि स्वतः असा तिघांचा एकत्र फोटो हवा होता. नितीन नको म्हणाला होता हे मला नंतर कळलं. त्याला उत्तर काय मिळालं ते सांगायला नको. तेच तीन शब्द.

मला फोन नितीनने केला. पोचलो तेव्हा गाडी ओल्या वाळूत पुढच्या चाकांच्या आसापर्यंत रुतलेली, तोंड किनाऱ्याकडे, पाठ समुद्राकडे. भरती लागली होती. पाणी अजून दूर होतं, पण प्रत्येक लाट मागच्या लाटेपेक्षा पुढे येत होती. कुटुंबप्रमुख गवती टोपी आणि गॉगल लावून उभा. नाव त्याने सांगितलं होतं, मी लक्षात ठेवलेलं नाही. त्याची बायको, मेहुणी, एक पोरगं फोनमध्ये. म्हातारी आई सुक्या मासळीच्या मांडवाखाली सावलीला बसलेली. मांडव जानूबायचा. जानूबाय बोंबील वाळवते आणि किनाऱ्यावर कोण काय मूर्खपणा करतं यावर लक्ष ठेवते.

"आलास?" ती मला म्हणाली. "मी यांना सांगितलं, पानी चढतंय. तर सायब म्हनतो, ॲपमध्ये अजून वेळ दाखवतंय."

मी पिकअप कोरड्या, घट्ट वाळूवर उभी केली. टायरची हवा थोडी कमी केली, म्हणजे ती वाळूत कमी रुततात. लांब पट्टा लावला. नितीनला गाडीत बसवलं. चावी एकच घर फिरवायची, म्हणजे स्टिअरिंग मोकळं राहतं. इंजिनाला हात लावायचा नाही. चाकं सरळ. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू ओढायला सुरुवात केली.

वाळूत रुतलेली गाडी तिच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जड होते. शिवाय दुपारचा वारा समुद्राकडून येत होता आणि मी किनाऱ्याकडे तोंड करून ओढत होतो. म्हणजे वारा पाठीमागून. रेडिएटरला समोरून काहीच मिळत नव्हतं, आणि पंखा हवा आत खेचत होता ती माझ्याच इंजिनावरून फिरून आलेली गरम हवा. गाडी हातभर सरकली, मग आणखी हातभर. काटा निम्म्यावरून वर चढला. माझी एक खूण आहे. लाल पट्ट्याच्या अलीकडे एक बारीक रेघ आहे, काटा तिथे आला की मी थांबतो. समोर कोणीही असो. काटा तिथे आला. मी थांबलो. पट्टा सोडला.

"अहो, थांबलात का?" टोपीवाला धावत आला. "येत होती ना!"

"काटा वर गेलाय."

"मग?"

"मग उतरेपर्यंत थांबायचं."

"उतरेपर्यंत? मग समुद्रालाही सांगा ना जरा थांबायला!"

त्या माणसाचं दिवसभरातलं हे एकच बरं वाक्य. मी पिकअप वळवली, तोंड समुद्राकडे केलं, बॉनेट उघडलं आणि इंजिन चालूच ठेवलं. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं तर आतलं पाणी फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी उकळतं. मग केबिनमधला हीटर पूर्ण सुरू केला. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. मे महिन्यातल्या दुपारी हीटर लावून बसलेला माणूस बघायला गर्दी जमली. दोन पोरं खिडकीशी आली.

"अंकल, थंडी वाजते? स्वेटर आणू?"

"टोपीपण आण," मी म्हटलं. "ती साहेबांची काढून आण."

टोपीवाल्याने तोवर आपल्या मेव्हण्याला फोन लावला होता. मेव्हणा पुण्यात, कुठल्याशा मोटार कंपनीत होता. फोन स्पीकरवर होता म्हणून सगळ्या किनाऱ्याला त्याचं मार्गदर्शन मिळालं. "त्याला सांग, सेकंडला टाक आणि एक झटका मार!" झटका मारला तर गाडीचा हूक उपटून गोळीसारखा येतो, आणि तो कुणाच्या डोक्यात बसेल हे पुण्यातून दिसत नाही. तेवढ्यात मेहुणी एक बादली समुद्राचं पाणी घेऊन आली, माझ्या रेडिएटरवर ओतायला. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी, तेही खारं. मी बादली तिच्या हातातून घेतली आणि वाळूत ओतली. ती म्हणाली, "आम्ही मदतच करतोय ना!" मदत करणाऱ्यांना आवरण्यात माझी निम्मी शक्ती जाते.

नितीन गाडीतून उतरून माझ्या खिडकीशी आला. त्याने पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, काढा हो. एवढीच आहे माझ्याकडे."

"माझ्याकडेही एवढीच आहे," मी म्हटलं. "ही तापून फाटली तर तुझीही इथेच आणि माझीही इथेच."

मी हीटरच्या झोताशी बसून काट्याकडे बघत राहिलो. काटा उतरत होता, पण सावकाश. आणि तेव्हाच एक मोठी लाट आली. नितीनच्या गाडीला मागून धडकली, टपावरून पुढे आली आणि बॉनेटवर फुटली. पाणी बॉनेटच्या फटींतून आत गेलेलं मी बघितलं. लाट मागे गेली तेव्हा गाडीच्या नाकातून धारा लागल्या होत्या.

जानूबाय मांडवातून ओरडली, "नुस्तं बघताव काय? फल्या घ्या!" होड्या वर ओढताना वाळूवर टाकायच्या जाड फळ्या तिच्या मांडवामागे रचलेल्या होत्या. तिने टोपीवाल्याच्या छातीवर बोट ठेवलं. "सायब, फोटो काढून झाला आसल तर एक टोक उचला." आश्चर्य म्हणजे त्याने उचललं. त्या बाईच्या आवाजापुढे पुण्याचा मेव्हणाही गप्प झाला. मी आणि नितीनने हातांनी चाकांपुढची वाळू उपसली, फळ्या खाली सारल्या. फळीवर चाक आलं की वाळूची पकड सुटते, म्हणजे माझ्या इंजिनावरचा भार निम्म्याहून कमी. काटा निम्म्यावर आला होता. मी पिकअप पुन्हा वळवली, पट्टा लावला, ओढलं, आणि गाडी एका दमात फळ्यांवरून कोरड्या वाळूवर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी व्हिडिओ काढला. मी नितीनच्या गाडीचा दरवाजा उघडला, चावी काढली आणि खिशात टाकली.

लोक अशा गोष्टी सांगतात तेव्हा इथे संपवतात. खरी लढाई यानंतर झाली.

"चला, सुटलो," टोपीवाला म्हणाला. "ड्रायव्हर, एसी लाव. आईला उकडतंय."

मी मांडवाकडे बघितलं. आईने पदर खोचला होता आणि जानूबायशी सुकटीच्या भावावरून वाद घालत होती. तिला काहीही उकडत नव्हतं.

"गाडी चालू करायची नाही," मी म्हटलं. "बॉनेटवर लाट फुटलीय. इंजिन ज्या पाइपने हवा घेतं तो तिथेच पुढे असतो. आत पाणी असेल तर पहिल्याच फेरीला ते ओढेल, आणि मग इंजिन भंगारात. गॅरेजला नेतो, उघडून बघू, मग काय ते."

"डिझेल आहे ना?" फोनमधला मेव्हणा पुन्हा जिवंत झाला. "डिझेलला काही होत नाही. एकदा मारून बघ म्हणावं."

"ऐकलंत?" टोपीवाला म्हणाला. "तो इंजिनियर आहे. आणि आम्ही दिवसभराची गाडी बुक केलीय. उन्हात उभं राहायला नाही. ड्रायव्हर, मी रेटिंग देणार आहे, लक्षात ठेव."

नितीनचा चेहरा उतरला. तो माझ्याजवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "काका, द्या चावी. ते स्टार कापतील. स्टार खाली गेले की ट्रिपा बंद होतात हो."

"इंजिन गेलं की काय सुरू राहतं?"

"जाईलच असं कुठाय? बघतो एकदा."

"नाही."

मग त्याचा आवाज चढला. "गाडी माझी आहे ना? माझी गाडी, माझी चावी. तुम्ही कोण?"

प्रश्न बरोबर होता. तेव्हाही बरोबर होता आणि आजही आहे. मी कोणी नव्हतो. गाडी ओढायला बोलावलेला माणूस. हिशेबाने बघितलं तर चावी परत द्यायला हवी होती. पण ती लाट फुटली तेव्हा मी हीटर लावून काट्याकडे बघत बसलो होतो. मी काट्याची रेघ ओलांडली असती तर कदाचित गाडी लाटेआधी बाहेर आली असती. कदाचित माझं इंजिन फाटलं असतं आणि दोन्ही गाड्या पाण्यात गेल्या असत्या. दोन्ही बाजूंनी आकडे मांडून बघितले आहेत, उत्तर माझ्याच बाजूने येतं. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा थांबेन. तरी ते पाणी त्याच्या गाडीत माझ्या थांबण्यामुळे गेलं होतं. ते आत असताना चावी त्याच्या हातात देणं मला जमलं नाही. हे मी तेव्हा त्याला नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी फक्त एवढंच म्हणालो, "गॅरेजला देतो. शिव्या द्यायच्या तर वाटेत दे."

त्याने दिल्या. टोपीवाल्यानेही दिल्या, पण त्या इंग्रजीत होत्या आणि कमी दर्जाच्या होत्या. कुटुंब दोन रिक्षांत बसून गेलं. आई जाताना सुकटीची पिशवी घेऊन गेली आणि मला म्हणाली, "बरोबर केलंत हो. याला लहानपणापासून थांबता येत नाही." मुलाने ते ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

बस्त्यावच्या गॅरेजला मी गाडी उतरवली आणि चावी नितीनच्या हातात दिली. बस्त्यावने काही न विचारता बॉनेट उघडलं आणि हवेच्या फिल्टरच्या डब्याचे क्लिप सोडले. झाकण उचललं तसं आतलं पाणी नितीनच्या चपलांवर सांडलं. बरंच होतं. त्यात वाळू होती आणि शेवाळाचा एक तुकडा होता. पाइपच्या पुढच्या भागात ओल होती, इंजिनाच्या तोंडाशी मात्र कोरडं. बस्त्यावने बोट आत घालून बघितलं, फडक्याला पुसलं आणि म्हणाला, "वाचलं." त्याच्या मानाने हे मोठं भाषण होतं.

नितीनने चपला झटकल्या. मग म्हणाला, "ट्रिप गेली ती गेलीच." आणि पाठ फिरवून बाकड्यावर बसला.

स्टार कापले गेले. नंतर बस्त्यावकडून कळलं की मधे बरेच आठवडे त्याला धड ट्रिपा मिळाल्या नाहीत. मला त्याचा फोन आला नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. रस्त्यात एक-दोनदा दिसला तेव्हा त्याने मान दुसरीकडे केली. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तू बरोबर होतास, मान्य. पण बरोबर असताना जरा गोड बोलता येत नाही का तुला?" सिसिलियाचं हे म्हणणं लग्नापासूनचं आहे. मी अजून त्यावर काम करतो आहे.

पावसाळ्यात बोळिंजच्या बाजूला रस्ता तुंबला होता. आपल्याकडे दर वर्षी तुंबतो आणि दर वर्षी लोक आश्चर्याने गाड्या त्यात घालतात. फोन आला, अनोळखी नंबर. पोचलो तर गुडघाभर पाण्यात गाडी उभी आणि तिच्या बाजूला पँट वर दुमडून नितीन. पुढचा टेम्पो बंद पडला म्हणून हा अडकला होता आणि पाणी चढायला लागल्याबरोबर त्याने स्वतःच इंजिन बंद केलं होतं. मागच्या सीटवर तीन प्रवासी, पाय वर घेऊन बसलेले.

"काटा कुठे होता?" मी सवयीने विचारलं.

"निम्म्यावर," तो म्हणाला.

त्याआधी आणि त्यानंतर मला कुणी असं उत्तर दिलेलं नाही.

मी साखळी सोडायला लागलो. तेवढ्यात मागची काच खाली झाली आणि एक जण ओरडला, "ड्रायव्हर, एकदा स्टार्ट मारून बघ ना! काही होत नाही!"

नितीनने शर्टाच्या खिशावरून हात फिरवला. खिशाचं बटण लावलेलं होतं, आत चावीचा उंचवटा दिसत होता.

"चावी पाण्यात पडली, साहेब," तो मागे न बघता म्हणाला.

मी हूक लावला. चावी मागितली नाही.